सात घरांची साखर

त्या गल्लीत सगळ्यात जास्त साखर कुणाच्या रक्तात होती असं कुणी विचारलं असतं, तर लोकांनी डोळे झाकून बेकरीवाल्याकडे बोट दाखवलं असतं. फार तर दिवसभर मशीनवर बसून असणाऱ्या टेलर मास्तरकडे. खरी मानकरी मात्र आरोग्य केंद्राची सुईताई होती. आणि उभ्या गल्लीत जिची शुगर कधीच तपासली गेली नव्हती, ती बाईसुद्धा हीच. शुगरचं मशीन हिच्या खांद्याला, सुया हिच्या पिशवीत, स्ट्रिपांची डबी हिच्या कोटाच्या खिशात. एवढा कारखाना अंगावर घेऊन हिंडणाऱ्या बाईला नऊ वर्षांत स्वतःच्या बोटापर्यंत पोचायला काही जमलं नव्हतं. इतकी गर्दी मध्ये, बिचारी काय करणार!

काम तसं सोपं होतं. तीस वर्षांवरचा माणूस दिसला की गाठायचा, फॉर्म भरायचा, कंबर मोजायची आणि बोट टोचायचं. आकडा एकशेचाळीसच्या वर गेला की चिठ्ठी द्यायची, केंद्रावर उपाशीपोटी या म्हणून. शुगर झालेली असते पण माणसाला पत्ता नसतो, किंवा झालेली नसते पण उंबरठ्यावर येऊन चपला काढत असते. अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना शोधून काढायचं, असं सरकारचं म्हणणं. सरकारचं म्हणणं चांगलंच असतं. ते म्हणायला सरकार असतं आणि जिने चढायला सुईताई असते.

फॉर्मवर प्रश्न चारच, पण चारही ठिकाणी लोक आपापल्या कुवतीप्रमाणे थापा मारत. कंबर मोजायला टेप निघाला की गल्लीतले पुरुष असा श्वास ओढत की पोट पाठीला टेकावं.

“सोडा आता श्वास.”

“सोडलाय की,” असं ते तोंड न उघडता म्हणत.

“व्यायाम?”

“रोज.”

“काय करता?”

“हे काय, दुकानाचं शटर. उचलून बघा एकदा, मग बोला.”

“आईवडिलांना शुगर होती?”

“छे छे. वडील तर पाय कापला तेव्हासुद्धा ठणठणीत होते.”

हे सगळं निमूटपणे लिहून घ्यायचं आणि वर पाठ केलेलं भाषण द्यायचं. “सारखी तहान लागते का, लघवीला वरचेवर जावं लागतं का, काही न करता वजन उतरतंय का, दुपारी गळून गेल्यासारखं होतं का, असलं काही असलं तर अंगावर काढू नका.” हे भाषण सुईताई एका दमात म्हणायची, म्हणजे पूर्वी म्हणायची. गेल्या वर्षापासून ‘वजन’ या शब्दाशी तिला थांबावं लागायचं. घसा सुकायचा. पिशवीतून बाटली काढून चार घोट घ्यायची आणि पुढचं भाषण पुरं करायची. समोरचा माणूस बघत बसायचा. तहानेबद्दल इतकं तळमळून बोलणारी बाई त्याने आधी पाहिलेली नसायची.

तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं. तहान? रोज बावीस जिने चढून बघा, मग कळेल तहान म्हणजे काय. लघवी? एवढं पाणी प्यायल्यावर ते जाणार कुठे? गल्लीतल्या कुठल्या घरात टोचायचं हे यादीवर ठरे, पण आधी कुठल्या घरात शिरायचं हे तिच्या मूत्राशयावर ठरे. कुणाची कडी नीट लागते, कुणाच्या नळाला पाणी असतं, हे तिला आकड्यांपेक्षा जास्त तोंडपाठ. वजन उतरलं होतं, तर त्याचा उलट आनंदच. नणंद महिन्यातून एकदा यायची आणि नाक मुरडून म्हणायची, “वहिनी, तुम्ही तर बाई मुलीसारख्या दिसायला लागलात. आम्हाला नाही जमत हे.” यावर सुईताई आठवडाभर खूश. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. माणूस मुळात कमी बोलणारा, त्याने एकदाच विचारलं,

“रात्री पाच-पाच वेळा उठतेस. एकदा दाखव ना.”

“कुणाला दाखवू? लोक मलाच दाखवतात.”

तो पुन्हा लिफ्टकडे वळला. लिफ्ट निदान अडकली की कबूल तरी करते.

आता टक्केसाहेबांना आणायला हवं, कारण त्यांच्याशिवाय हे प्रकरण घडलंच नसतं. टक्केसाहेब म्हणजे केंद्राचे पर्यवेक्षक. बायको कशी आहे विचारलं तर ते बहुधा “नव्वदच्या वर” असं सांगत असावेत. महिन्याला शंभर बोटं हे टार्गेट त्यांनीच भिंतीवर तक्ता करून लावलं होतं आणि त्याखाली प्रत्येकीच्या नावापुढे टक्का. पंधरा जणींपैकी नऊ जणी कंत्राटी. त्यातल्या चौघींना यंदा पर्मनंट करायचं वरून आलं होतं, आणि महिनाअखेरीस ज्यांचं शंभर टक्के त्यांचीच नावं जायची होती. सुईताईची नऊ वर्षं कंत्राटावर गेली होती. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही, आणि दोन कागदांच्या मध्ये एक दिवस नोकरीत खंड; त्या दिवशी ती जगात कुणाचीच कुणी नसायची. तो एक दिवस यापुढे नको, एवढंच तिला हवं होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिची त्र्याण्णव बोटं झाली होती. सात राहिली होती आणि ती सात घरंही ठरलेली होती; तिच्या हिशोबात एक माणूस म्हणजे एक घर. बेकरीवाला, त्याचा भाऊ, टेलर मास्तर, मास्तरीण, धोबी, दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आणि त्यांच्या शेजारची, कायम दार किलकिलं करून बोलणारी काकू. सातही जणांनी फॉर्म भरून दिला होता, कंबरही मोजू दिली होती. कारण त्याला रक्त लागत नाही. सुई निघाली की मात्र सातही जण कामात. बेकरीवाला म्हणे, हाताला पीठ आहे. धोबी म्हणे, हाताला नीळ आहे. हेडमास्तर म्हणत, “मला काही झालेलं नाही याची मला खात्री आहे, मग ती खात्री मोडायची कशाला?” काकू फटीतून म्हणायची, “उद्या ये गं.” तिचा उद्या चार महिने चालला होता.

मास्तरने तर तिच्या टेपवरच शंका घेतली होती.

“हा टेप ओढून ओढून लांबलाय. माझ्या टेपने दोन इंच कमी भरते.”

“मास्तर, तुमच्या टेपने सगळ्यांचंच दोन इंच कमी भरतं. म्हणून तर गल्लीची पँट पोटात रुतते.”

“रुतते म्हणून लोक परत येतात. धंदा आहे तो. सुई ठेव आत.”

आकडे मनाने लिहावेत, तर तीही सोय नव्हती. मशीनच्या पोटात प्रत्येक आकडा राहतो, तारखेसकट, वेळेसकट, आणि टक्केसाहेब दर महिन्याला मशीनमधले आकडे नि रजिस्टरमधले आकडे शेजारी ठेवून बघत. किती आहेत हे बघत. काय आहेत हे बघायचं काम त्यांच्याकडे नव्हतं. तेव्हा मशीनला सात थेंब रक्त दाखवणं भाग होतं. कुणाचं, हे मशीन विचारत नाही. बाकी शेकडो बारीकसारीक गोष्टी विचारणाऱ्या या कार्यक्रमात तेवढी एकच गोष्ट विचारायची राहून गेली होती.

मास्तरच्या बिल्डिंगखाली वीजमीटरची खोली होती. अकराच्या सुमाराला सुईताई तिथे शिरली, उलटी बादली ओढून बसली आणि दार लोटून घेतलं. अंगठे कामाला लागतात म्हणून सोडले. डाव्या हाताची करंगळी बेकरीवाल्याला दिली, तिच्या शेजारचं बोट त्याच्या भावाला; भाऊच ते, शेजारीच बरे. मधलं बोट मास्तरला, पहिलं मास्तरणीला. उजव्या हाताची करंगळी धोब्याला. हेडमास्तरांना उजवं मधलं बोट दिलं, कारण मान राखायला हवा. काकूला तर्जनी, कारण ती कायम तेवढीच दाराबाहेर काढत असे. सगळं कसं पद्धतशीर. स्ट्रिप लाव, टोच, थेंब दे, थांब, लिही.

दोनशे त्र्याऐंशी. ‘बघ बेकरीवाला,’ ती मनात म्हणाली. ‘पाव खातो की गिऱ्हाईकाला विकतो, देव जाणे.’

दोनशे एक्क्याण्णव. भाऊ त्याच्यापेक्षा वरचढ. घराण्यातच आहे म्हणायचं.

मास्तरची दोनशे एकोणऐंशी आली तेव्हा तिला खरोखर वाईट वाटलं. बसून बसून हेच होणार, कितीदा सांगितलं माणसाला. मास्तरणीची दोनशे अठ्ठ्याऐंशी आली, आणि नवराबायको एकाच आकड्याच्या आसपास असतात याचंही तिला कौतुक वाटलं. तुम्ही म्हणाल, बाई वेडी होती काय? मुळीच नाही. पाचव्या बोटाला, म्हणजे धोब्याला, तिचा हात क्षणभर अडखळला होता. आतून काहीतरी वर येऊ बघत होतं. पण सकाळी तिने चहात दोन चमचे साखर घातली होती, सोबत चार बिस्किटं, त्या खोलीत उकडतही होतं, मशीन तापलं असणार. आणि मुख्य म्हणजे नाव लिहून झालं होतं. नऊ वर्षांत तिचा असा अनुभव की रजिस्टरमध्ये ज्याचं नाव, त्याचाच आकडा. ती पुढच्या बोटाकडे वळली. अकरा मिनिटांत सात घरं उरकली. शंभर टक्के.

टक्केसाहेबांनी तक्त्यावर लाल पेनने गोल केला आणि सुईताईचं नाव वर गेलं.

इथे गोष्ट संपायची आणि सगळ्यांचं भलं व्हायचं. पण केंद्राला दीड वर्षांनी डॉक्टर मिळाली होती आणि ती नवी होती. नव्या माणसांना वाईट खोडी असतात. ही रजिस्टर वाचायची.

चौथ्या दिवशी तिने सुईताईला बोलावलं. “ताई, एका गल्लीत सात जण दोनशे ऐंशीच्या आसपास? यातल्या कुणालाच आधी माहीत नव्हतं?”

“लोक दाखवतच नाहीत, मॅडम.”

“मग तुम्ही फार मोठं काम केलंत. सातही जणांना मी आजच मेसेज पाठवते. सोमवारी उपाशीपोटी येऊ देत. हाताच्या शिरेतून रक्त घेऊ, तीन महिन्यांची सरासरी काढू.”

कौतुक ऐकून इतकं वाईट तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुपारपर्यंत मेसेज पोचले आणि गल्ली पेटली. मास्तर दुकानाबाहेर येऊन उभाच होता.

“ताई, हे काय? माझी शुगर दोनशे एकोणऐंशी? तू बोट कधी टोचलंस माझं?”

सुईताईने आयुष्यातली सगळ्यात सुबक थाप तिथल्या तिथे शिवली. “आता टोचावं लागत नाही, मास्तर. नवीन आलंय. वय, कंबर, सगळं घातलं की कॉम्प्युटर आकडा काढून देतो.”

मास्तरचा चेहरा उतरला. टोचून आलेला आकडा त्याने मानला नसता, पण टेपवर त्याचा विश्वास होता. “नुसत्या कंबरेवरून कळतं?”

“अंदाजाने.”

“दोनशे एकोणऐंशी हा अंदाज असतो होय? अंदाज म्हणजे तीनशे तरी असतो, नाहीतर अडीचशे. हे तर मापच झालं.” आणि तो खुर्चीत बसला, कुणीतरी पाय काढून घेतल्यासारखा.

बाकी सहा जणांनाही तिने हेच सांगितलं आणि सहाही जणांनी मानलं. स्वतःचं बोट टोचलं गेलेलं नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण फोनवर छापून आलंय म्हटल्यावर बोटाची साक्ष कोण काढतो? हेडमास्तर तेवढे म्हणाले, “म्हणजे माझी खात्री मला न विचारता मोडलीत.” काकूने पहिल्यांदाच दार पुरतं उघडलं आणि रडायला लागली.

सोमवारी सातही जण उपाशी आणि चिडलेले, केंद्राच्या बाकावर ओळीने. बुधवारी रिपोर्ट आले. सातही जण व्यवस्थित. बेकरीवाल्याची जरा काठाला होती, नव्व्याण्णव, पण होती आतच. डॉक्टरीणबाईने रिपोर्ट दोनदा वाचले, मशीन मागवून घेतलं, तपासणीचं औषध घालून पाहिलं. मशीन चोख. मग बाहेर जाऊन तिने रिपोर्ट घ्यायला आलेल्या मास्तरलाच विचारलं,

“कुठल्या बोटाला टोचलं होतं तुम्हाला?”

“कुठल्याच नाही. टेपने मोजलं ना.”

डॉक्टरीणबाई आत आली, मशीनच्या पोटातले आकडे काढले आणि सुईताईला समोर बसवलं. टक्केसाहेब भिंतीला टेकून उभे.

“अकरा वाजून दोन मिनिटं ते अकरा तेरा. सात घरं, तीन मजले. ताई, धावलात की काय?”

सुईताईने बाटली काढून दोन घोट घेतले.

“सातही आकडे पंधराच्या फरकात. सात वेगळ्या माणसांचं रक्त असं कधीच जुळत नाही. एकाच माणसाचं आहे हे. रजिस्टरचं आपण नंतर बघू. मला आधी तो माणूस हवाय. दोनशे ऐंशी घेऊन कुणीतरी हिंडतंय आणि त्याला औषध नाही.”

“कुणी सांगितलं एक माणूस?” टक्केसाहेब घाईने पुढे आले. “मॅडम, यंत्र आहे. तापतं. त्या दिवशी बिघडलं असणार. बाई, तुम्ही एवढं लिहून द्या, ‘यंत्र सदोष, सबब त्या सात नोंदी रद्द समजाव्यात.’ मशीन भंगारात जाईल, तुम्हाला नवं मिळेल, सात जणांची परत करू. चारपर्यंत यादी वर जायचीय. चारच्या आत सही.”

त्यांनी टाइप केलेला कागदही तयार ठेवला होता. टक्केसाहेब माणूस तत्पर, अशा बाबतीत तर शंभर टक्के.

सुईताई कागद घेऊन बाहेर पडली. उन्हात गल्ली पांढरी पडली होती. सही केली की पर्मनंट. सही केली की ते सात आकडे कुणाचेच नाहीत, झालेच नाहीत, मशीनला ताप आला होता आणि तो उतरला. आणि तिच्या बाटलीतलं पाणी सकाळपासून तिसऱ्यांदा संपलं होतं.

“ए ताई! ये इकडे. आत ये.” मास्तर.

ती दुकानात शिरली. मास्तरने मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि सुरू झाला. “सहा दिवस बिनसाखरेचा चहा प्यायलो मी! सहा दिवस! बायकोला सांगून ठेवलं, ही मशीन धाकट्या भावाला दे, कात्री कुणाला देऊ नकोस. काल रात्री तिच्याशी पंधरा वर्षांनी नीट बोललो. आणि आज म्हणे तुम्हाला काही नाही! खेळ वाटला का गं तुला?”

“चुकलं माझं, मास्तर.”

“चुकलं काय चुकलं! टेपने शुगर कळते म्हणे. माझ्या धंद्याचं नाव घेऊन मला बनवलंस?” तो आणखीही बोलला असता, पण बोलता बोलता त्याची नजर तिच्या कोटावर गेली आणि तिथेच अडकली. शिंप्याचे डोळे, ते भांडतानासुद्धा शिवणीवरून फिरत असतात. “हा कोट मागच्या वर्षी मी आत घेतला. दिवाळं निघाल्यासारखा लोंबत होता म्हणून परत चार महिन्यांनी घेतला. आता बघ, खांदा कोपरावर आलाय. जेवत नाहीस?”

“जेवते. उलट जास्तच जेवते.”

“मग जातं कुठे?”

ती कोपऱ्यातल्या मडक्याकडे बघत होती. मास्तरने पेला भरून दिला. तिने संपवला. परत भरला. तोही गेला. तिसरा देताना त्याने हात आखडता घेतला.

“डॉक्टरीण मला बोटाचं विचारत होती. त्या मशीनला रक्त कुणाचं पाजलंस?”

दुकानात दोघंच होते. भिंतीवर अर्धवट शिवलेल्या पँटी उलट्या टांगलेल्या.

“माझं,” सुईताई म्हणाली. म्हणाली आणि तिलाच ऐकू आलं. मीटरच्या खोलीत सात वेळा तिने दुसऱ्यांची नावं घेतली होती. हे आठवं नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं. “सातही वेळा माझंच.”

मास्तरने पेला खाली ठेवला. “मग ही चिठ्ठी कसली?”

तिने वाचून दाखवली. मास्तरने ऐकून घेतलं. “म्हणजे सही केलीस की नोकरी पक्की.”

“हो.”

“आणि तुला काही झालेलं नाही.”

“हो.”

“झकास,” मास्तर म्हणाला. “मला पण सहा दिवस असाच कागद हवा होता. कुणी दिला नाही.” आणि त्याने चाकाला हात घातला. रागावलेला होताच अजून. मशीन खडखडायला लागली आणि त्यावर बोलणं शक्य राहिलं नाही.

सुईताई तिथल्या बाकावर बसली. एक दिवस कुणाचंच कुणी नसायचं, तो दिवस आठवत होती. तो दर अकरा महिन्यांनी येतो, हे खरं होतं. मग तिने मनातल्या मनात आपलंच पाठ भाषण म्हणून पाहिलं, तहानेपासून, आणि ‘वजन’ या शब्दापर्यंत पोचायच्या आतच तिला उठून मास्तरच्या मागच्या संडासात जावं लागलं.

पावणेचारला ती केंद्रात शिरली. टक्केसाहेबांनी पेन पुढे केलं. तिने टाइप केलेल्या ओळींवर एक सरळ रेघ मारली आणि खाली आपल्या गोल, फॉर्म भरून भरून घासलेल्या अक्षरात लिहिलं: ‘यंत्र ठीक आहे. सातही वेळा रक्त माझं आहे.’ खाली सही.

टक्केसाहेबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा कुणी गेल्याची बातमी यावी तसा झाला. “बाई, हे काय केलंत? त्र्याण्णव होतात!”

“हो, साहेब.”

“अहो, केंद्राचा आकडा खाली येतो! नव्व्याण्णव पॉइंट पाच!” एवढ्यात त्यांना माणुसकी आठवली असावी. “आणि तुमची तब्येत वगैरे... ती दाखवून घ्या. पण हे लिहून कशाला द्यायचं? तोंडी सांगता आलं असतं.”

तोंडी नऊ वर्षं चाललंच होतं. यादी चार वाजता गेली, तिच्या नावाशिवाय. चौकशी लागली, फिरतीचं काम तीन महिने बंद झालं, आणि नोंदणीच्या खिडकीवर बसायचा हुकूम निघाला. नणंदेचा फोन आला, “वहिनी, असं कसं हो केलंत, लोक काय म्हणतील?” लोक काय म्हणतात ते नणंद स्वतःच सांगत होती, सविस्तर. नवऱ्याने ऐकलं, डबा धुऊन ठेवला आणि म्हणाला, “सकाळी मी येतो बरोबर.”

“कशाला?”

“अडकलीस तर काढायला.”

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तिने हात पुढे केला. दोन दिवसांनी रिपोर्ट घ्यायला दोघं पुन्हा गेली: उपाशीपोटीचा आकडा दोनशे बारा, तीन महिन्यांची सरासरी दहा पॉइंट नऊ; साडेसहापासूनच शुगर धरतात. डॉक्टरीणबाईने गोळ्या लिहिल्या, डोळे तपासायची चिठ्ठी लिहिली, आणि म्हणाली, “बूट-मोजे काढा, ताई. आडव्या व्हा.”

“पायांना काही नाही माझ्या. बावीस जिने चढते.”

“माहितेय. तरी काढा.”

डॉक्टरीणबाईच्या हातात पेनासारखी एक काडी होती आणि तिच्या टोकाला जाड मिशीच्या केसासारखा एक नायलॉनचा दोरा. आधी तिने तो सुईताईच्या मनगटाला टेकवला. दोरा वाकला. “हे असं लागेल. डोळे मिटा. लागलं की ‘हो’ म्हणायचं.”

सुईताईने डोळे मिटले. नवरा दाराशी उभा होता, टोपी हातात धरून.

पोटरीवर. “हो.”

घोट्यापाशी. “हो.”

दुसऱ्या घोट्यापाशी. “हो.” ती आता जरा सैल झाली. परीक्षा सोपी होती. पावलाच्या वरच्या बाजूला काहीतरी हललं. “हो... हो, बहुतेक.”

मग काहीच नाही. बाहेर खिडकीवर कुणीतरी नंबर विचारत होतं. पंखा फिरत होता. सुईताई वाट बघत राहिली.

“चालू करा ना, मॅडम. थांबलात का?”

“थांबले नाही, ताई,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “दोन्ही अंगठे झाले. तळवेही झाले.”

सुईताईने डोळे उघडले. तिचे पाय तिथेच होते, टेबलाच्या टोकाला, नेहमीचेच, जरा सुजलेले. दाराशी नवऱ्याने टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मग तो आत आला, खाली वाकला आणि तिचा बूट उचलून त्यात हात घालून पाहू लागला, शेवटपर्यंत, बोटं फिरवत. आतून त्याने कोटाच्या बटणाएवढा एक खडा काढला आणि टेबलावर ठेवला.

“हा कधीपासून?” डॉक्टरीणबाईने विचारलं.

सुईताईने खडा उचलून मुठीत दाबला. हाताला तो लगेच टोचला.